रक्त दिल्यानंतरची खुर्ची

आमच्या रक्तपेढीत सुई टोचायचं काम माझं आणि माणसाला बसवायचं काम मावशीचं. रक्त देऊन झालं की लगेच चालू लागायचं नसतं. पाव तास बसायचं, काहीतरी गरम प्यायचं, चेहऱ्यावर रंग आला की मग निघायचं. त्यासाठी शेजारी एक खोली होती. तीन खुर्च्या, चहाचा थर्मास, बिस्किटांचा डबा आणि मावशी. कुणी घाई करायला लागलं की ती म्हणायची, "बसा जरा." पाव तास झाला की, "आता जा. जपून." आणि माणूस दाराबाहेर पडतो न पडतो तोच त्याची खुर्ची पुन्हा सरळ करून ठेवायची, पुढच्यासाठी.

मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक बहीण होती तीही गेली. बंद पडलेल्या एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेऊन राहायची. "भिंतींशी बोलते मी. उलट उत्तर देत नाहीत बिचाऱ्या," असं सांगून स्वतःच हसायची. मला हा विनोद कधीच आवडला नाही. तिच्याशी माणसं जे काही बोलायची ते त्या पाव तासात, हे मला ठाऊक होतं.

आणि बोलायची हो! रक्त देऊन आलेला माणूस जरा मऊ झालेला असतो. बायकोशी धरलेला अबोला, पोराचे मार्क, सगळं तिच्यापुढे ओतायचा. एक निवृत्त कारकून तर चहा संपला की कपाळाला हात लावायचे, "मावशी, अजून जरा गरगरतंय." गरगरत वगैरे काही नसायचं. मावशी मुकाट्याने दुसरा कप भरायची.

पण नेहमीची माणसं म्हातारी झाली. वय उलटलं की रक्त घेता येत नाही. कारकूनही बाद झाले. आणि तरुण पोरं काही फिरकेनात. शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, असंच चाललं तर पेढी बंद करून मोठ्या हॉस्पिटलात हलवतील. तिथे चहाला मशीन आहे, हे त्यांनी मावशीकडे न बघता सांगितलं.

त्याच आठवड्यात एक मुलगी रक्त द्यायला आली. कुठल्याशा ऑफिसात फोनवर बोलायचं काम करणारी. माझं डोकं तापलेलंच होतं. पट्टी लावता लावता म्हणालो, "आजकालच्या पोरांना मोबाइलमधून मान वर काढायला वेळ नाही, रक्त कुठून देणार!"

ती फणकारली. "काका, तुमची पेढी दहाला उघडते, पाचला बंद. आमचं ऑफिसही तेच. सुट्टीला तुम्हालाही सुट्टी. आज मी खोटं आजारपण सांगून आलेय. यायचं तरी कधी आम्ही?"

मी पट्टी लावून तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. मावशीने सगळं ऐकलं होतं. तिने मुलीला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि खोदून खोदून विचारलं. फोनवरून वेळ ठरवता आली तर याल का? संध्याकाळी ऑफिसच्या दाराशीच गाडी आली तर? मुलगी म्हणाली, मग काय, पोरं रांग लावतील. तिला "आता जा, जपून" म्हणून मावशी थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली.

गाडी आली. आत दोन पलंग, थंडगार हवा. पोरं फोनवरून वेळ ठरवायची, ऑफिस सुटलं की चढायची, झाल्यावर पलंगावरच जरा पडून राहायची, कानात गाणी. उतरताना हातात सरबताचा डबा आणि बिस्किटांचा पुडा. खरंच रांगा लागल्या. पेढीची फ्रिजं भरली, बंद करायची भाषा कुणी काढेना. माझाही जीव भांड्यात पडला.

गाडीत डॉक्टर, मी, ड्रायव्हर एवढीच जागा. पोरांची सोय सगळ्यांनी बघितली. मावशीला बसायला एक स्टूल लागेल, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पेढीतल्या खोलीत ती थर्मास भरून बसायची आणि संध्याकाळी तसाच मोरीत रिकामा करायची. मी चिडून म्हणालो, "मावशी, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"रक्त मिळतंय ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

पुढे ती दोन दिवस कामावर आली नाही आणि मग हॉस्पिटलातून पेढीत फोन आला. पोटातला अल्सर फुटला होता. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढत होती बाई. जवळचं माणूस म्हणून तिने पेढीचा नंबर दिला होता.

मी गेलो तेव्हा तिला रक्त चढत होतं. पिशवीवर आमच्या पेढीची चिठ्ठी. आजूबाजूच्या खाटांभोवती नातेवाइकांची गर्दी. हिच्या खाटेजवळचं स्टूल रिकामं.

"कुणाचं असेल हो, सुईवाले?" तिने विचारलं. मला ती सुईवालेच म्हणायची.

"नाव सांगता येत नाही. पण तारीख गाडीची आहे. असेल कुणीतरी तरणंताठं."

"नीट बसला होता ना तो?"

"गाडीत कुणी बसत नाही, मावशी. जरा पडतात आणि जातात."

"मग त्यांच्याशी बोलतं कोण?"

"कुणी नाही."

ती पिशवीकडे बघत राहिली. पेढीतून गाडी निघायची वेळ झाली होती, खिशातला फोन वाजायला लागला. मी उठायला गेलो.

"बसा जरा."

बसलो. फोन बंद केला. तिने मला माझ्या आईचं विचारलं, मुलीच्या परीक्षेचं विचारलं. तिच्याबद्दल काय विचारावं, मला सुचेना. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत काढली आणि मला काही सुचेना, याची लाज वाटली.

तिनेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "झाला पाव तास. आता जा. जपून."

मी उठलो. मागे लोकांना जायला वाट नव्हती, म्हणून स्टूल खाटेखाली सरकवायला लागलो. तिने सुई नसलेला हात पुढे करून ते धरलं.

"असू द्या तिथंच," ती म्हणाली. "कुणी आलं तर."