रिटर्न नाही

रोह्याजवळच्या अष्टमी गावातले लोक म्हणत, नथानियल अष्टमकर गाडीपायी अडलाय. गाडी सुरू झाली की विकून टाकील आणि बहिणीमागे इस्राएलला निघून जाईल. ह्यांच्या वाडवडिलांनी घाण्यावर तेल काढलं, हा टाकीतलं पेट्रोल काढत बसलाय, असंही कुणी हसून म्हणे. शेजारच्या बायजाबाई तर आठवड्यातून एकदा तरी कुंपणावरून विचारत, "काय नथूभाव, गेला नाय अजून?"

नथानियल नुसता हसे. बेने इस्राएल ज्यूंपैकी आडनावात गाव घेऊन गावात उरलेला तो शेवटचाच होता. पत्नी नाओमी वारल्यापासून घरात तो आणि अंगणात वडिलांची, म्हणजे आबांची, फिकट हिरवी फियाट, एवढाच संसार. कुंडलिकेचं पाणी एका वर्षी अंगणात चढलं आणि फियाटचं इंजिन कायमचं जाम झालं. पुढे धनेश मेस्त्रीने नागोठण्याच्या भंगारातून एका छोट्या व्हॅनचं इंजिन आणलं आणि कापाकापी करून ते फियाटच्या पोटात बसवलं. बसलं खरं, पण त्याला पेट्रोल पाजायचं कसं, या प्रश्नापाशी नथानियलची मती गुंग झाली.

जुन्या इंजिनाला साडेतीन पौंडांचा दाब पुरे. नव्याला पंचेचाळीस हवा. म्हणजे नवा विजेचा पंप आला. तो टाकीत बसवायचा की टाकीबाहेर? धनेश म्हणे बाहेर, बिघडला तर हात पोचतो. रोह्याचा दुसरा मेस्त्री म्हणे आत, नाहीतर तापून मरतो. जुनी नळी चालेल का? एक म्हणे चालेल, दुसरा म्हणे फाटेल आणि घर पेटवशील. नथानियल धाटावच्या एका रसायन कंपनीत एकतीस वर्षं पंपहाउस सांभाळून निवृत्त झालेला. ऐकलेलं सगळं तारीख-वेळेसह वहीत टिपण्याची त्याला सवय होती. पण या वहीचं प्रत्येक पान मागल्या पानाला खोटं पाडत होतं, आणि वही मिटली की त्याला आपण काय ठरवलं तेच आठवत नसे.

घाई होती ती इस्राएलला राहणाऱ्या थोरल्या बहिणीची, ज्युडिथताईची. खुब्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली तर पेणच्या सिनेगॉगमध्ये एलियाहू हान्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा तिचा नवस होता. आणि लहानपणी नेत तसं, आबांच्या गाडीतून जाईन, हे तिने पुढे जोडलं होतं. वय एकोणऐंशी. "हा माझा शेवटचा फेरा, नथू," ती फोनवर म्हणाली होती. मलिद्याचा दिवस गुरुवार ठरला.

पंप अखेर बाहेर बसला, नळ्या नव्या आल्या. राहिला दाब राखणारा रेग्युलेटर. त्याला तीन तोंडं असतात: एकातून पेट्रोल येतं, दुसऱ्यातून इंजिनाकडे जातं, तिसऱ्याचं काय, याबद्दल वहीत दोन मतं होती. म्हणून नथानियलने पेणच्या स्पेअर पार्टवाल्या हैबतरावांना फोन लावला.

"रेग्युलेटर पाठवतो एसटीने," हैबतराव म्हणाले.

"आणि रिटर्नचं काय?"

"रिटर्न नाही. आधीच सांगतो, मागून वाद नको."

नथानियलने लाल शाईने लिहिलं: रिटर्न नाही. खाली दोन रेघा ओढल्या. इतकं स्वच्छ उत्तर त्याला महिन्याभरात कुणी दिलं नव्हतं.

धनेशने डोकं खाजवलं. "नाय कसं? टाकीला परतीचं तोंड मी करून ठेवलंय ना."

"हैबतरावांनी स्वतः सांगितलं."

"मग असंल. हल्लीच्या काय काय गाड्यांना नसते म्हणा परतीची नळी." त्याने रेग्युलेटरच्या तिसऱ्या तोंडात बूच मारलं आणि टाकीच्या तोंडावर रबराची टोपी चढवली.

इंजिन खोकलं, लागलं, आणि काळा धूर ओकू लागलं. पंचेचाळिसावर थांबायचा दाबमापकाचा काटा नव्वदीला जाऊन टेकला. पेट्रोलचा वास बायजाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. प्लग बदलले, फिल्टर बदलला, काटा नव्वदीवरच. शुक्रवारी दिवेलागणीला नथानियलने पाना खाली ठेवला, कारण शब्बाथ, शनिवारचा विसावा, लागत होता. आणि शनिवारचा सगळा दिवस तो त्या काट्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत बसला.

रविवारी इस्राएलहून आलेली ज्युडिथताई सोमवारी काठी टेकत अंगणात उतरली. गाडीभोवती एक फेरी मारली. "मला धुराचा शेक देत नेणार का रे?"

"ताई, रिक्षा सांगतो ना गुरुवारी."

"रिक्षा आबांची होती का?"

मंगळवारी तो रेग्युलेटर पिशवीत घालून एसटीने पेणला गेला. भाग सदोष आहे, बदलून मागावा, एवढाच विचार त्याला सुचला होता.

हैबतरावांनी पिशवीकडे पाहिलं आणि हात जोडले. "अष्टमकर, तुम्हाला फोनवरच बोललो होतो. रिटर्न नाही."

"हो ना. म्हणून तर तिसरं तोंड बंद केलं."

"कशाचं तोंड?"

"ह्याचं. तुम्ही म्हणालात, रिटर्न नाही."

हैबतरावांनी पिशवीतला रेग्युलेटर हातात घेऊन बूच पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून इतके हसले की गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "अहो, माल रिटर्न घेत नाही म्हणालो! पेट्रोलला परतीची वाट नको का? जास्तीचं जाईल कुठे?"

नथानियलचे कान तापले. जास्तीचं परत टाकीत सोडायचं. पंपहाउसमध्ये एकतीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? तो व्हॉल्व्ह त्याने झोपेतही उघडला असता. घरच्या गाडीपुढे मात्र वही उघडली आणि हात विसरला. रेग्युलेटर पुन्हा पिशवीत घालून, कुणाकडे न बघता, तो दुकानाची पायरी उतरला.

बुधवारी धनेशने बूच काढलं, टोपी काढली, दोन तोंडांमध्ये नळी ओढली. काटा पंचेचाळिसावर येऊन उभा राहिला. "लाल शाईनं लिवलंस ना? आता खोड ते," धनेश म्हणाला.

गुरुवारी सकाळी ज्युडिथताई नारळ-खजुराचं ताट मांडीवर घेऊन पुढे बसली. पोहे पेणलाच घ्यायचे होते. नागोठणं मागे पडलं, तसं तिने ताट सावरलं. मग म्हणाली, "नथू, गाडी झाली. घरही विकलं जाईल. चल माझ्याबरोबर. इथे प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायची तर आता वणवण करावी लागते."

"थांब ताई, इंजिन ऐकू दे," तो म्हणाला. इंजिनात ऐकण्यासारखं काही नव्हतं. ते सुरळीत चाललं होतं. वडखळ आलं, गेलं.

मलिदा झाला. चार वाजता फियाट अष्टमीच्या अंगणात शिरली. बायजाबाई कुंपणाशी आल्या. नथानियलने फडक्यात बांधलेला प्रसाद त्यांच्या हाती दिला.

"झाली ना गाडी?" त्या म्हणाल्या. "मग आता कदी निघायचा, नथूभाव?"

ज्युडिथताई दार धरून उभी होती. तीही त्याच्याकडेच पाहत होती.

"कुठं नाय जायचा," नथानियल म्हणाला. "पेणला गेलो, परत आलो. तेवढंच जमतं मला."