मामांची समुद्राकडची खिडकी

खुर्ची या वस्तूचा आमच्या मामेसासऱ्यांइतका अपमान साऱ्या नगर जिल्ह्यात कुणी केला नसेल. तिसगावच्या घरी त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलेलंच नाही. जेवतानाही ते एका पायावर तयार. दिसेल त्या कापडावरची सुरकुती तळहाताने दाबून काढायची, ही दुसरी खोड. एका लग्नात त्यांनी अक्षता टाकायच्या सोडून बोहल्यावरच्या नवरदेवाचा झब्बाच सरळ केला होता. आणि तोंडाने अखंड चालू असे ते मुंबईचं समुद्राकाठचं भव्य हॉटेल, जिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. कुणा शेठने ते कसं हौसेने बांधलं, त्याचा दगड बोटीतून कसा आला, नाचाच्या हॉलमध्ये कोणकोणते संस्थानिक येऊन गेले, हे बाजारात मेथीची जुडी निवडतानासुद्धा. "संगमरवरी जिना हाय. चढाया लागलं की मानूस आपोआप सावकाश हुतो," हेही ते धावत धावतच सांगायचे.

मामी गावीच राहून शेती सांभाळत. त्यांना एकदा त्या हॉटेलात, समुद्राकडच्या खिडकीत बसवून चहा पाजायचा, असा मामांचा शब्द होता. दरवर्षी बेत ठरायचा आणि कांदा काढणीपाशी मोडायचा. गेल्या वर्षी मामी गेल्या. तेव्हापासून मामांच्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या, की शेवटी मीच वैतागून म्हणालो, "मामा, चला. निदान तुम्ही तरी त्या खिडकीत बसून या."

हॉटेलसमोर उतरलो, तर मामा तरातरा मागच्या गल्लीत. कचऱ्याच्या डब्यांमधून त्यांनी मला एका लोखंडी दारापाशी नेऊन उभं केलं. रखवालदाराने हटकलं तेव्हा भानावर आले.

"जावईबापू, पुढचं दार मला ठावंच न्हाई," ते ओशाळून म्हणाले. "आमची लाँड्री तळघरात हुती. हितनंच आत, हितनंच भाईर."

"मग तो जिना? नाचाचा हॉल?"

"वेटर सांगायचे की. टेबलावरच्या चादरी टाकाया खाली यायचे ना."

खिडकीजवळचं टेबल मिळालं. वेटरने पाणी आणलं, मामा उठून उभे. साखर आणली, पुन्हा उभे. तो बिचाराही गोंधळला. मी चिडलोच. "अहो, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात! बसा आणि समुद्र बघा."

मामा बसले. टेबलावरच्या चादरीची सुरकुती तळहाताने दाबून काढली आणि समुद्राकडे बघितलं.

"दर पत्रात लिवायचो तिला, काम करता करता खिडकीतनं समुद्र दिसतो म्हनून. खोटंच हुतं ते. आज खरं झालं, तर सांगू कुनाला?"

मला फार वाईट वाटलं. "मला सांगा," एवढंच म्हणालो. मग मामा सांगत राहिले, पाणी कुठवर गेलंय, बोटी किती लांब आहेत, ऊन कसं पडलंय. मलाही ते सगळं दिसतच होतं. मी "हो का?" म्हणत राहिलो.