ह्या वयात शाळेत

आरोंद्याहून आम्ही निघालो तेव्हा खाडीवर अजून धुके होते. हे मला वेंगुर्ल्यापर्यंत पोचवायला आले होते, पुढे मला एकटीनेच जायचे होते. माघ महिना, मिरचीला रोज पाणी द्यावे लागते, दोघांनी घर सोडून चालले नसते. निघताना जाऊबाईंनी बजावले होते, सगळे बघून ये आणि आल्यावर सगळे सांग. तोंडाने सांगायला बसले की मी दोन वाक्यांत संपते, म्हणून त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे माहेर तारकर्लीचे. तिथल्या आमच्या लहानपणच्या शाळेला नवी इमारत झाली, म्हणून जुन्या मुलामुलींना बोलावणे होते. बोलावणे यमूने धाडले होते. आम्ही दोघी शाळेत एकाच बसकरावर बसायचो. चौथीनंतर ती मालवणला मामाकडे राहून हायस्कुलात गेली, मॅट्रिक झाली आणि आता मालवणातच मास्तरीण आहे. मी चौथीनंतर घरी बसले आणि पुढे लग्न होऊन आरोंद्याला आले. यमूने कळवले होते की प्रत्येकाने उभे राहून आपले नाव, किती शिकलो आणि आयुष्यात काय केले ते सांगायचे आहे.

त्यातला मधला प्रश्न मला नको होता. हायस्कूल करून आलेल्या माणसांपुढे उभे राहून चौथी म्हणायचे कसे? मी शुद्ध भाषेत एक वाक्य तयार केले होते, ‘माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे.’ एसटी शिरोड्याला पोचेपर्यंत ते मी मनात घोळवत होते. माझे ओठ हलताना पाहून हे म्हणाले, “अगो, चौथी म्हणजे काय चोरी?”

वेंगुर्ल्याच्या बंदरावर यांनी मला पडावात (बोटीपर्यंत माणसे नेणारी मोठी होडी) बसवून दिले. बोट लांब उभी होती, पांढरी आणि उंच. शिडीवर चढताना मागच्या माणसाने माझे गाठोडे वरच्यावर धरले नसते, तर त्यातले लाडू माशांनी खाल्ले असते.

डेकवर माझ्या शेजारी रेडीकडची एक म्हातारी बाई बसली होती, मुंबईला मुलाकडे निघालेली. बोट हलायला लागली आणि माझे पोट ढवळले. तिने न विचारता माझ्या हातावर आमसूल ठेवले आणि मग विचारले, खंय चललंस? माझ्या तोंडून निघून गेले, “शाळेत.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “ह्या वयात? मास्तर मारतलो हां.”

मी इतकी हसले की मळमळ विसरले. पुढे किनारा सरकत होता, माडांची काळी रेघ आणि खाली पांढरी वाळू. बाई डुलक्या घेऊ लागली आणि मला आपलेच दिवस आठवत राहिले. आरोंद्याला सून म्हणून आले तेव्हा मी कोणाशी बोलत नसे. खाडीपलीकडे गोव्यात आंजेलीन नावाची ख्रिश्चन बाई कपडे शिवायची. सासूबाई तिच्याकडे पोलकी टाकायला जात, मला सोबत नेत. मी आंजेलीनच्या मशीनपाशी बसून राही, कारण मशीनशी बोलावे लागत नाही. एक दिवस तिने माझ्या हातात कात्री दिली. तिच्याकडूनच मी बुतांव (बटण) लावायला शिकले, बाही बसवायला शिकले. पुढे सासऱ्यांनी जुनी मशीन आणून दिली, ती ओटीवर ठेवली, आणि तेव्हापासून मी पाय मारतेच आहे.

मालवणला बोट खडकांच्या बाहेरच थांबते. सिंधुदुर्ग किल्ला उजव्या अंगाला असा जवळ दिसतो की हात लावावा. पडाव किनाऱ्याला लागला तरी गुडघाभर पाणी होते. पडाववाला म्हणाला, काकी, मार उडी. मी लुगडे आवरून उडी मारली ती नेमकी खड्ड्यात, आणि कमरेपर्यंत भिजून माहेरच्या मातीवर उतरले. यमू छत्री घेऊन उभी होती. तिचे केस पिकले होते, पण हसणे तेच. तिने पहिल्यांदा माझ्या पदराचे पाणी पिळले, मग मिठी मारली.

त्या रात्री तिच्याकडे तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी जेवले. सकाळी बैलगाडीने तारकर्लीला निघालो. वाळूत चाके रुतत, तेव्हा आम्ही उतरून चालायचो. लाडू सोबत होतेच, बैलांनाही दिले.

शाळा कौलारू, नव्या चुन्याच्या वासाची. पुढे माडाच्या झावळ्यांचा मांडव. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मागच्या बहुतेक बायका दुसरीतून, तिसरीतून शाळा सोडलेल्या होत्या आणि आम्ही फक्त बघायला आलो असे सांगत होत्या. पुढे दाजी उभा होता. आमच्या वर्गातला हा मुलगा आता रत्नागिरीकडे हेडमास्तर आहे. एकेकाला तो बोलावी. कोणी मॅट्रिक, कोणी मामलेदार कचेरीत कारकून. यमू उठली, खणखणीत बोलली आणि टाळ्या घेऊन बसली. बसताना तिने मला कोपर मारले.

मी उभी राहिले. मध्येच कोणीतरी दाजीला पान दिले होते, ते त्याच्या गालात होते. समुद्राचा वारा झावळ्यांत सळसळत होता. नाव सांगितले. मग तो पान सांभाळत म्हणाला, “शेवंतीबाई, आपण किती शिवलात?”

मला तसेच ऐकू आले. माझा जीव भांड्यात पडला. वाटले, माझे काम त्याच्या कानी आले असेल, म्हणून बिचाऱ्याने मला सोपा प्रश्न काढला. पाठ केलेली शुद्ध भाषा त्याच क्षणी पळाली.

“मोजूक नाय,” मी म्हटले. “आमच्या वाडीतली सगळी पोलकी माझी. लग्नातल्या नवऱ्यांचे कोट माझे. देवळाच्या पताका माझ्या. पाद्रीचो झगो शिवलंय, आणि एकदा होडयेचा शीड.”

दाजीचे तोंड उघडे, पान दिसत होते. तेव्हा खुर्च्यांतून बाबल उठला. हाही आमच्याच वर्गातला, जन्मभर बोटीवर खलाशी होता.

“दाजी,” तो म्हणाला, “तिणां सांगल्यान. आता तू सांग, तू किती शिवलंस?”

दाजीने बाहेर जाऊन पान थुंकले, परत आला, हात जोडले आणि म्हणाला, “एक बुतांव सुद्धा नाय.”

मांडव हसून कोसळायचाच राहिला. तेव्हा कुठे मला कळले की काय विचारले होते आणि मी काय सांगितले. कान तापले. एरवी मी तिथून सरळ विहिरीमागे जाऊन बसले असते. पण यमू माझ्या पाठीवर थापा मारत रडेपर्यंत हसत होती, आणि मलाही हसू आवरेना. हसता हसताच मी म्हटले, “आणि शिकलंय चौथी. ह्याच शाळेत.”

ते इतके सहज निघाले की मीच चकित झाले.

पुढे दाजी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारू लागला, किती शिकलात आणि किती शिवलात. कारकून दुसऱ्या प्रश्नाला मान खाली घालत. बाबलने सांगितले, शिक्षण तिसरी, पण शिडे आणि जाळी शिवली त्यांना हिशेब नाही, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला पडल्या. मग सतरंजीवरून एक बाई उठली, जी फक्त बघायला आली होती. शाळा दुसरी, गोधड्या घरभर, असे सांगून ती तोंडाला पदर लावून बसली. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. जेवणाच्या पंगतीला उशीर झाला तरी कोणी कुरकुरले नाही. शिरवाळ्या (तांदळाच्या शेवया) आणि नारळाचा रस मी दोनदा मागून घेतला. मागून घेणे मला जमत नाही, त्या दिवशी जमले.

परतताना यमू बंदरावर पोचवायला आली. पडाव भरत होता आणि ती एकाएकी अवघडून म्हणाली, “शेवंते, माका एक पोलका शिवून दी गो. माझी बाही कोणाकच बसवूक येना नाय.” टेप जवळ नव्हती. मी गाठोड्याची दोरी सोडली, तिथेच गर्दीत तिची छाती, पाठ, दंड मोजला आणि दोरीला गाठी मारल्या. पडाववाला ओरडत होता, यमू गुदगुल्या होऊन हसत होती. गाठोडे मग हातात धरून आणले.

वेंगुर्ल्याला हे उभे होते. प्रवास कसा झाला, ओकलीस का, हे सगळे विचारून झाल्यावर म्हणाले, “आणि शाळेतून काय हाडलंस?”

मी दोरी दाखवली. “यमूचा माप.”

शिक्षण किती ते आता कोणीही विचारावे. काल रात्रीच खण काढून ठेवला आहे, निळा, बारीक ठिपक्यांचा. हे लिहून झाले की कापायला घेते.