पाचाच्या जागी तीन

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या क्लासमध्ये शिकवत होतो. फोन त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा. "भाऊ, हे गेले..." एवढंच. मी तास पूर्ण केला. का केला, आजही सांगता येत नाही.

वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघंही याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. छापील नोट्स माझ्या. त्यात एक उदाहरण होतं : चार्ज दिलेला धातूचा गोळा स्वतःभोवती फिरतोय, त्याची मॅग्नेटिक मोमेंट काढा. मी चार्ज गोळ्यात सगळीकडे सारखा पसरलेला धरला आणि सूत्राच्या छेदात पाच छापले. विलासने फळ्यावर गोळ्याच्या पातळ कड्या पाडल्या, एकेकीची बेरीज केली आणि तीन काढून दाखवले. धातूत चार्ज आत राहतच नाही, नुसता पृष्ठभागावर असतो, इतकं साधं. मुलं गोंधळली, पालक आले, संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. तोवर मी स्टाफरूममध्ये गणित पुन्हा करून पाहिलं होतं. विलास बरोबर होता.

"नोट्स चुकल्या काय?" संचालकांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

"काहून बे?" विलास हळूच म्हणाला... पुढच्या महिन्यात वेळापत्रकात त्याचं नाव नव्हतं. नोट्सच्या पुढच्या छपाईत मी गुपचूप पाचाचे तीन केले.

तो अमरावतीजवळ वलगावला, घरी परतला. एका कॉलेजात तासिकेवर शिकवत राहिला. कायम कधी झालाच नाही. मी गेलो की टर उडवायचा, आत वहिनींना हाक मारायचा, "बाप्पा, अकोल्याचे मोठे सर आले! चहात साखर जास्त टाक वं." मी हसायचो. दर वेळी कबूल करायचं ठरवून जायचो आणि नुसता चहा पिऊन यायचो.

मागच्या आठवड्यात वलगावला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाय. तवाच सांगतलं होतं त्यायनं. मी म्हनो, तुमीच इचारा ना भाऊले. तं म्हने, सांगंन तो. येतेच ना तो, सांगंन एखांद्या दिवशी."

बाहेरच्या खोलीत विलासने एक भिंत काळी रंगवून घेतली होती. गावातली पोरं संध्याकाळी तिथे शिकायला यायची. भिंतीवर त्याच्या अक्षरात फिरत्या चकतीचं गणित अर्धं राहिलंय. वहिनींनी पुसलेलं नाही. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या बाकी आहेत. मी खडू उचलला. मला उत्तर येत होतं...

खडू खाली ठेवला.