आकाचं आवतण

उशिरा लिहितोय, माफ करा. कार्यक्रम होऊन पंधरवडा झाला आणि अनेकांनी विचारलं, काका, काही टाकलं नाही? एका बोटाने टाइप करतो, अर्ध्यावर आलं की वाटतं काहीतरी चुकलं, मग पुसून टाकतो... आज मात्र टाकणारच.

तर पनवेलच्या आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या नव्या पुस्तकांचं प्रकाशन होतं. चार पुस्तकं, चार लेखक. मीही त्याच शाळेचा, पण आठवीत दप्तर खाली ठेवलं ते ठेवलंच. त्या चौघांत एक माझी मुलगी, वैशाली.

तिचं पुस्तक धवल्यांचं. धवले म्हणजे आम्हा आगरी लोकांच्या लग्नातली गाणी, आणि ती गाणारी ती धवलारीण. तिने तोंड उघडल्याशिवाय आमच्याकडे नवरीला हळद लागत नाही.

माझी थोरली बहीण आका धवलारीण आहे, पनवेलजवळ नेरे गावात असते. पुस्तकातलं एकूण एक गाणं तिच्या तोंडचं. वैशाली सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊन बसायची, फोनवर रेकॉर्ड करायची, घरी येऊन लिहून काढायची.

शाळेने कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवलं. वैशालीने ते सगळ्यांना पुढे पाठवलं, आकाच्या सुनेलाही. आम्हाला वाटलं, झालं आवतण... आका तर घरचीच.

कार्यक्रमाला चार-पाच दिवस राहिले असताना भाचा बाजारात भेटला. म्हणाला, "मामा, आई नाय यायची. बोलते, गानी माजी नेली आनि मना दारात येऊन कोनी बोलावला नाय."

धवलारणीला विडा-सुपारी देऊन दारात जाऊन बोलवायचं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. आणि आम्ही शहाणे कार्ड पाठवून बसलो होतो!

घरी सांगितलं तर वैशालीचा चेहराच उतरला. म्हणाली, "आत्या येणार नसेल तर माझं पुस्तक त्या दिवशी बाहेर काढू नका. तिच्या मनाविरुद्ध छापलं असं होईल ते." शाळेत फोन करायला निघालीच होती. मी म्हटलं, थांब, दोन दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको रिक्षा करून नेऱ्याला गेलो. ताटात नारळ, विडा, सुपारी, वर एक लुगडं. वाटेत मी इतक्या वेळा ताट नीट केलं की बायको वैतागली. "तुमी नवऱ्या मुलापेक्षा जास्त थरथरताय," म्हणाली.

आका ओट्यावर वाल निवडत बसली होती. तिने नारळ घेतला, लुगडं घेतलं. सुपारी ताटातच राहिली. आमच्यात सुपारी उचलली म्हणजे येणार, नाही उचलली म्हणजे समजून जायचं...

"पोरीनं फोनमदे बोलावलान ना? तिला सांग, मी पन फोनमदेच येते."

एवढंच बोलली आणि परत वाल निवडायला लागली. आम्ही चहा पिऊन, ताट तिथेच ठेवून निघालो. चहा गोड होता की कडू, मला सांगता येणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. एका डॉक्टरांचं गुडघेदुखीवरचं जाडजूड पुस्तक, एकाच्या कविता, एकीचं गडकिल्ल्यांवरचं... पुस्तकांवरचा एकेक कागद सुटत होता, टाळ्या होत होत्या. माझी नजर दारावर. वैशालीने आपलं पुस्तक शेवटी ठेवायला सांगितलं होतं, तीही दाराकडेच बघत होती.

शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी तिचं पुस्तक हातात घेतलं, रिबिनीला बोट लावलं... आणि मागून आवाज आला, "थांबा!"

आका! अंगावर नवं लुगडं, बरोबर तिच्याबरोबर गाणाऱ्या दोघी बाया, हातात हळदीची वाटी. ती सरळ स्टेजवर चढली.

"हलद लागल्याबिगर आमची पोर मंडपात येत नाय, बाई."

बाई हसून बाजूला झाल्या. आकाने स्वतः कागद सोडला, पुस्तकाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली आणि तिघींनी धवला धरला. माईक कोणी पुढे केला तर तिने हाताने दूर सारला. तो आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. मग उरलेली हळद वैशालीच्या गालाला लावून म्हणाली, "दुसरा पुस्तक लिवशील तवा दारात ये."

वैशाली तिच्या गळ्यात पडून रडली. मी खुर्चीतच बसून होतो... छातीवरचा दगड उतरला होता.

गंमत पुढे झाली. ते डॉक्टर आपलं पुस्तक घेऊन आकापुढे उभे. "आका, आमच्या पुस्तकालाही लावा की."

"तुजा लगीन झालाय ना रे?"

सगळा हॉल हसला. पण तिने लावली. मग कवितांना लावली, गडकिल्ल्यांनाही लावली.

जेवताना मी तिला हळूच विचारलं, "आका, सुपारी तर तू घेतली नव्हतीस."

"तू गेल्यावर घेतली," ती म्हणाली. "मना काय घाई होती? तू घाबरलास की लहानपनीसारखा दिसतोस."

एवढ्या वर्षांनी मला कोणीतरी लहान म्हणणारं आहे, हे किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही.

आता नवीच काळजी लागली आहे. रोज संध्याकाळी आकाचा फोन येतो, "लोकं काय बोलतान पुस्तकाला?" मी म्हणतो, वाचतायत. तिला ते पटत नाही. तेव्हा ज्यांनी पुस्तक नेलं आहे त्यांनी बरं-वाईट जे वाटलं ते दोन ओळीत का होईना, लवकर कळवा. मी सावकाश वाचतो, पण तिला सगळं वाचून दाखवीन... वाट बघतोय.