रिमाइंडरला उत्तर देणाऱ्या सुमती अक्का

सुमती अक्का काल गेल्या.

बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

का, ते सांगते.

नागपूरहून बेंगळुरूला आले ती जयनगरच्या एका छोट्या कंपनीत, सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून. ऑफिसात सगळ्यांचे पासवर्ड ठरावीक काळानं संपायचे. त्याआधी आठवडाभर रोज सकाळी ज्याला त्याला रिमाइंडर जाईल, हे बघणं माझं काम.

कुणी वाचायचं नाही. लॅपटॉप उघडेनासा झाला, की मग माझ्या नावानं बोंब.

म्हणून मी त्या मेलखाली स्वतःचं नाव टाकलं. उत्तरं माझ्याकडे येतील असं केलं.

फरक एकाच माणसात पडला. अकाउंट्सच्या सुमती अक्का. चामराजपेटच्या, कित्येक पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. त्या प्रत्येक रिमाइंडरला उत्तर द्यायच्या.

"बघितलं गं. उद्या बदलते. जेवलीस का?"

एकदा त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "अक्का, ते मेल मशीन पाठवतं. उत्तर नाही दिलं तरी चालतं."

"मग मशीननं स्वतःचं नाव लिहावं की! तुझं नाव दिसतंय, मी गप्प कशी बसू?"

पुढे घरून काम सुरू झालं. अक्का घरी एकट्या. यजमान गेलेले, मुलगा परदेशात.

त्यांचा पासवर्ड संपत आला होता. रोज उत्तर येत होतं. शेवटच्या दिवशी आलं नाही.

दुपार झाली तरी पासवर्ड बदललेला नव्हता. फोन नुसता वाजत राहिला.

मॅनेजर म्हणाला, "अरे छोड़ ना. लॉक होगा तो खुद कॉल करेंगी."

मला बसवेना. ऑटो केली आणि थेट चामराजपेट गाठलं. शेजारणीकडे दुसरी किल्ली होती.

अक्का स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या. शुद्धीत होत्या, पण डावी बाजू हलत नव्हती. तोंडून शब्द फुटेना. उजव्या हातानं माझं मनगट धरलं, ते अ‍ॅम्ब्युलन्समध्येही सोडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

बोलता यायला लागल्यावर एकदा म्हणाल्या, "मरायला भीत नाही गं मी. पण तिथं पडल्या पडल्या वाटत होतं, कुणाला कळणारच नाही. तसं एकटीनं जायला नको."

मुलगा धावत आला, तो परत गेलाच नाही. इथेच, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली.

अक्का काठी घेऊन चालायला लागल्या. माझ्या लग्नात मिरवल्या. नातीचं बारसं केलं. मला कन्नड शिकवायला बसल्या आणि शेवटी हात टेकले. "तुला स्वल्पसुद्धा येणार नाही, सोड!"

तरी इतकी वर्षं त्यांचा फोन लागला नाही, की मी लगेच त्यांच्या मुलाला फोन लावायचे.

काल त्यांच्या मुलाचा फोन आला. "आई गेली गं. आम्ही गप्पा मारत होतो. बोलता बोलता मान कलली."

"तू जवळ होतास?"

"अगदी शेजारी. पोरगी तिच्या पायाशी चित्र काढत होती. आईला त्रास काही झाला नाही."

मी भिंतीला टेकून खाली बसले. कितीतरी वेळ नुसतं "बरं झालं, बरं झालं" म्हणत होते.

आज त्यांच्या घरी गेले, तर दाराबाहेर चप्पल काढायला जागा नव्हती.

निश्चिंत जा, अक्का.

भरल्या डोळ्यांनी आणि शांत मनानं, तुम्हाला शेवटचा नमस्कार.