राबाचा धूर

चैत्रातल्या उन्हात राब पेटला की आधी ऐनाच्या सुक्या पानांचा तडतडाट ऐकू येतो, मग शेणाचा जड, कडवट, तरीही जिव्हाळ्याचा धूर नाकात शिरतो, आणि कडावच्या आमच्या शिवारावर निळसर पडदा तरंगत राहतो. जिथं भाताची रोपं करायची ती जमीन फांद्या, पाला, शेण पसरून आधी भाजून घ्यायची. तण जळतं, माती मोकळी होते, रोप तरारून वर येतं. ही विद्या मला शाळेनं दिली नाही. शाळा मी दुसरीतच सोडली. ही बापानं दिली, आणि बापाच्या विद्येवर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं!

एका ज्येष्ठात शेतकी खात्याचा तरुण साहेब कर्जतहून आला. देवळासमोर आम्हाला बसवून म्हणाला, "बाबांनो, दिल्लीत धोरण ठरतंय. धूर कमी करायचा, झाडं वाढवायची. धुरानं आभाळ तापतं, पाऊस लहरी होतो. राब भाजू नका, पाला चिखलात गाडा."

मी विचारलं, "सायेब, कुंभिवलीच्या रस्त्याला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या ऱ्हायल्यात, त्यांचा धूर खाली जातो काय?"

माणसं हसली. साहेबही हसला. हसून उत्तर चुकवणाऱ्या माणसाचा भरवसा कसा धरावा, सांगा! जाताना त्यानं गिरिपुष्पाच्या काठ्या वाटल्या. बांधावर रोवा, भराभर वाढतात, भरपूर पाला देतात. फुकट! सरकार फुकट देतं ते का देतं? एका कागदासरशी लोकांची खासगी रानं सरकारजमा झालेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. आज झाड सरकारी, उद्या त्याची सावली सरकारी, परवा सावलीखालची जमीन! मी त्या काठ्या गोठ्यामागं फेकल्या आणि राज्य राखल्याच्या ऐटीत जेवायला बसलो. माझ्या बायकोनं, काशीनं, ताट पुढं सरकवलं.

माझ्या लहानपणी ऐन घरामागंच होता. पुढं तोडता तोडता तो डोंगरात वर वर सरकत गेला. मी झाडावर चढून फांद्या तोडायच्या, काशीनं त्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरायचं, हा आमच्या संसाराचा नेमच. डोंगर बोडका झाला म्हणून मी ठेकेदारांना शिव्या दिल्या, कोळशाच्या भट्ट्यांना दिल्या. त्या शिव्या खोट्या नव्हत्या. पण कोयता माझ्याही हातात होताच की!

दोन पावसाळे गेले. माघात मी कोयत्याला धार लावत बसलो होतो, तर काशी म्हणाली, "औंदा मी डोंगरात नाय यायची."

"मग राब कशाचा करू? तुझ्या पदराचा?"

"गोठ्यामागं चला."

तिथं कुंपणाला ओळीनं, माझ्याहून उंच, हिरवीगार झाडं!

"मीच रोवल्या त्या काठ्या. तुमी सरकारवर रुसलाव, काठ्यांनी काय केलं हुतं?"

आठ दिवस मी कोयत्याला धारच लावत राहिलो. रोप फसलं तर वर्षभर चुलीवर काय चढणार? पण भारा वाहायला ती येईना, आणि भाऱ्याविना राब होईना. त्या चैत्रात आमच्या वावरातून धूर निघाला नाही. पाऊस लागल्यावर त्या झाडांचा पाला चिखलात गाडला, रोपं टाकली. तण मायंदाळ आलं. "बोललो हुतो!" असं मी मोठ्या समाधानानं ऐकवलं. ती खाली बसली आणि हातानं तण उपटत गेली. आवणीला, खाचरात लावायला, रोप पुरलं.

साहेब खरा ठरला, असं मी अजूनही म्हणत नाही. आभाळाचं मला कळत नाही, आणि चिमण्यांचं उत्तर मी मागत राहणार.

पण पुढच्या माघात, डोंगराला जायच्या वेळेला, काशी ओट्यावर निवांत बसून डोक्याला तेल लावत होती. पदर खाली सरकलेला. टाळूवर, भारा टेकतो तिथं, पंज्याएवढ्या जागेत एक केस नव्हता. चाळीस वर्षांत मला ती जागा दिसली नव्हती. डोंगर उतरताना मी कायम तिच्या पुढं चालत असे.